स्वस्त रिसीव्हर आणि खारी हवा : मॉडेल विमानात रिसीव्हर बसवण्याची पायरी-पायरीची पद्धत

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत रिमोटवरची मॉडेल विमानं उडवणाऱ्या नव्या मंडळींची एक तक्रार ठरलेली असते : "रिसीव्हर स्वस्तातला होता, म्हणून विमान गेलं." पडलेलं विमान टेबलावर उघडून पाहिलं तर बहुतेक वेळा रिसीव्हर, म्हणजे रिमोटच्या आज्ञा झेलणारी विमानातली छोटी पेटी, धडधाकट असतो. त्याला पुरेशी वीज मिळालेली नसते, अँटेना बॅटरीखाली दाबलेली असते किंवा फेलसेफ (सिग्नल गेल्यावर काय करायचं ही आधीच दिलेली आज्ञा) लावलेलाच नसतो. आपल्याकडे त्यात खाऱ्या हवेची भर पडते. ही चार कामं नीट झाली तर कमी किमतीचा रिसीव्हर शिकाऊ विमानाला पुरतो. ती राहिली तर महागडा रिसीव्हरही विमान वाचवत नाही.

पुढची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसणारा संच गृहीत धरून लिहिली आहे : फोमशीट किंवा कोरोप्लास्टचं (प्लॅस्टिकच्या पोकळ शीटचं) ट्रेनर विमान, २२१२ आकाराची ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), तीन सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी, पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारे चार छोटे एसजी९० सर्व्हो, फ्लायस्काय एफएस-आय६ ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आणि त्याचा एफएस-आयए६बी रिसीव्हर. तुमचा संच वेगळा असेल तर बटणं आणि मेनू बदलतील, पायऱ्यांचा क्रम तोच राहील. क्रम मोडू नका. रिसीव्हर आधी फ्यूजलाजमध्ये, म्हणजे विमानाच्या धडात, चिकटवून मग बाइंड करायला (ट्रान्समीटरशी त्याची जोडी जुळवायला) बसणं, ही निम्म्या गोंधळाची सुरुवात असते.

## टप्पा १ : विकत घेण्याआधी

दोन्ही डब्यांवर "२.४ गिगाहर्ट्झ" छापलेलं आहे म्हणून ट्रान्समीटर आणि रिसीव्हर जुळतील असं नाही. प्रोटोकॉल, म्हणजे सिग्नलची भाषा, एकच हवा. एफएस-आय६ चा प्रोटोकॉल एएफएचडीएस २ए. फ्रस्कायचे डी८ आणि डी१६, स्पेक्ट्रमचा डीएसएमएक्स, फुताबाचा एस-एफएचएसएस आणि खुला प्रोटोकॉल एक्सप्रेसएलआरएस यांतला कुणीही दुसऱ्याला ओळखत नाही. फ्रस्कायच्या डी१६ मध्ये तर युरोपसाठीचं फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) आणि बाकीच्या देशांसाठीचं फर्मवेअर यांचंही आपसात जमत नाही. एक्सप्रेसएलआरएसमध्ये दोन्ही बाजूंच्या आवृत्तीचा पहिला आकडा सारखा लागतो. ट्रान्समीटरवर ३ आणि रिसीव्हरवर २ असेल तर बाइंड होणार नाही, मग कितीही वेळ बटण दाबून बसा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. एफएस-ए८एससारखे छोटे रिसीव्हर सगळे चॅनल एकाच तारेतून, आयबस किंवा एसबस पद्धतीने बाहेर देतात. ते ड्रोनच्या फ्लाइट कंट्रोलरसाठी आहेत. त्यांना सर्व्हो थेट लावता येत नाहीत. साध्या विमानाला पीडब्ल्यूएम आउटपुट हवेत, म्हणजे प्रत्येक सर्व्होसाठी तीन पिनांची वेगळी रांग. दुकानातल्या फोटोत या पिना मोजा आणि मगच पैसे भरा.

आयए६ आणि आयए६बी यांत 'बी'वालाच घ्या. तो स्वतःला मिळणारा व्होल्टेज ट्रान्समीटरच्या पडद्यावर परत पाठवतो आणि टप्पा ४ मध्ये त्याचा फार उपयोग होतो. एकच आखूड अँटेना किंवा बोर्डवरच चिकटलेली सिरॅमिक अँटेना असलेले रिसीव्हर घरातल्या किंवा अंगणातल्या छोट्या विमानांसाठी ठेवा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, उडवायचं असेल तर दोन अँटेना हव्यात.

कुणी ९१५ मेगाहर्ट्झचा लांब पल्ल्याचा संच सुचवला तर नको म्हणा. तो पट्टा आपल्या देशात परवानामुक्त नाही. २.४ गिगाहर्ट्झचा आहे, आणि नजरेच्या टप्प्यात उडवायला तो भरपूर होतो.

जमलं तर एकाच मॉडेलचे दोन रिसीव्हर मागवा. ऐन हंगामात कुरिअरची वाट पाहण्यात सुट्टी निघून जाते. शिवाय बिघाड शोधताना तसाच दुसरा रिसीव्हर लावून पाहणं हा सगळ्यात जलद उपाय असतो.

## टप्पा २ : टेबलावरची तयारी

टेबलावर हे असू द्या : मल्टिमीटर, रिसीव्हरसोबत आलेला बाइंड प्लग, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, मास्किंग टेप, वेल्क्रो, दुहेरी फोम टेप आणि नोंदवही. नोंदवही कशाला, ते रेंज चाचणीत कळेल.

इशारा : प्रोपेलर काढा. मैदानावर पोहोचेपर्यंत तो मोटरवर चढवायचा नाही. २२१२ मोटरवरचा दहा इंची प्रोपेलर बोटाचं हाड सहज मोडतो, आणि पुढच्या चार टप्प्यांत मोटर अचानक फिरण्याचे प्रसंग येणारच आहेत.

रिसीव्हर हातात घेऊन बघा. पिना सरळ आहेत का, दोन्ही अँटेनांच्या तारा आत घट्ट बसल्यात का, हलवल्यावर काही खुळखुळतंय का? ज्या रिसीव्हरला बटणासारखी छोटी दाबून बसणारी अँटेना-जोडणी असते, तिथे ती जोडणी निम्मीच बसलेली सापडते. बाइंड होतं, टेबलावर सगळं चालतं आणि पन्नास मीटरवर सिग्नल जातो. नखाने हलकेच दाबून 'टक' असं बसू द्या आणि वरून गरम गोंदाचा छोटा थेंब सोडा.

सर्व्होच्या तारांचे रंग पाठ करा : तपकिरी किंवा काळी ऋण, मधली लाल धन, नारिंगी किंवा पांढरी सिग्नलची. प्लग उलटा लावला तरी धन तार मध्येच राहते, म्हणून सहसा काही जळत नाही, पण सर्व्हो मुका राहतो. "रिसीव्हर डेड आला" म्हणून परत पाठवण्याआधी प्लग उलटून बघा.

## टप्पा ३ : बाइंडिंग

१. ट्रान्समीटरमध्ये ताजे पेन्सिल सेल घाला. थ्रॉटल (मोटरच्या वेगाची काडी) खाली, सगळे स्विच वर.

२. बाइंड प्लग रिसीव्हरच्या 'बी/व्हीसीसी' लिहिलेल्या रांगेत लावा. ईएससीची तीन तारांची वायर चॅनल ३ वर लावा. सर्व्हो अजून लावायचे नाहीत.

३. लिपो जोडा. रिसीव्हरचा दिवा भराभर लुकलुकेल.

४. ट्रान्समीटरचं बाइंड बटण दाबून धरा आणि तसंच धरून तो चालू करा. रिसीव्हरच्या दिव्याची चाल बदलली की बाइंड झालं.

५. आधी लिपो काढा, मग बाइंड प्लग काढा, मग ट्रान्समीटर बंद करा.

६. आता रोजच्या क्रमाने : आधी ट्रान्समीटर, मग लिपो. दिवा स्थिर राहिला पाहिजे.

दोघांमध्ये हातभर अंतर असू द्या. अगदी खेटून ठेवले तर काही रिसीव्हर तीव्र सिग्नलने गोंधळतात आणि बाइंड अर्धवट राहतं. एक्सप्रेसएलआरएसचे बरेच रिसीव्हर तीनदा चटचट चालू-बंद केले की बाइंडमध्ये जातात. तिथे प्लगचं काम नाही.

खात्री करा : बाइंड प्लग खरंच काढला आहे ना? तो विसरून विमान बंद करणारे पुष्कळ असतात. पुढच्या वेळी रिसीव्हर पुन्हा बाइंड मोडमध्येच उठतो आणि "काल चालत होतं, आज मेलं" अशी हाकाटी होते.

## टप्पा ४ : वीज

या लेखातला एकच टप्पा नीट वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

रिसीव्हरला आणि सर्व्होंना ५ व्होल्ट पुरवतो तो ईएससीच्या पोटातला बीईसी. स्वस्त ईएससीमध्ये तो लिनिअर प्रकारचा असतो, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णता करून फेकून देतो. हिशेब सोपा आहे. तीन सेलची लिपो पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट. त्यातून ५ व्होल्ट काढले तर ७.६ उरतात. सर्व्होंनी एक अँपिअर ओढला की ७.६ वॉट उष्णता त्या बोटभर ईएससीत तयार होते. चार सेल लावले तर तीच ११.८ वॉट होते. वैशाखातल्या दुपारी, हवा न फिरणाऱ्या फोमच्या पोटात, ही उष्णता बीईसीला झोपवते. बीईसी झोपला की रिसीव्हर बंद, आणि विमान जिथे असेल तिथून खाली.

एसजी९० अडकला किंवा टोकाला जाऊन दाबत राहिला तर एकटा अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त ओढतो. चारही एकदम ताणले तर २ अँपिअरचा बीईसी संपला. खऱ्या आयुष्यात हे होतं कुठे? वाऱ्यात उतरताना, जेव्हा ट्रान्समीटरच्या सगळ्या काड्या एकदम हलतात. विमान जमिनीजवळ असतानाच नेमका सिग्नल गेल्यासारखं वाटतं ते याच कारणाने.

चाचणी अशी करा :

१. सगळे सर्व्हो लावा. चॅनल १ एलरॉन (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या), २ एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी), ३ थ्रॉटल, ४ रडर (शेपटीची उभी पट्टी).

२. रिसीव्हरच्या एखाद्या रिकाम्या रांगेत मधल्या आणि ऋण पिनेवर मल्टिमीटर लावा. आयए६बी असेल तर ट्रान्समीटरच्या पडद्यावरचा रिसीव्हर व्होल्टेजही बघा. मात्र क्षणिक घसरण पडद्यावर नेहमी दिसत नाही.

३. दोन्ही काड्या मिनिटभर जोरजोरात सगळीकडे फिरवा. सोबत्याला एखादा कंट्रोल सरफेस (यांतली एखादी पट्टी) बोटाने हलकेच अडवायला सांगा.

४. व्होल्टेज ४.८ च्या वर राहिला तर उत्तम. ४.५ च्या खाली झुकला तर हे विमान उडवायचं नाही. आयए६बी ४ व्होल्टपर्यंत चालतो, पण मल्टिमीटरला ४.५ दिसतात तेव्हा प्रत्यक्षातली क्षणिक घसरण त्याहून खोल असते.

घसरण दिसली तर आधी यांत्रिक कारण शोधा. हिंज (पट्टीची बिजागरी) जड असेल, पुशरॉड (सर्व्होपासून पट्टीपर्यंतची सळई) घासत असेल, हॉर्न (सळई अडकवायचा छोटा दांडा) फोमवर टेकत असेल. ते सोडवल्यावरही फरक पडला नाही तर वेगळा ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा स्विचिंग यूबीईसी (ईएससीबाहेरचा स्वतंत्र बीईसी) लावा आणि ईएससीच्या प्लगमधली लाल तार पिनेसकट काढून टेप गुंडाळा. दोन वेगळे पुरवठे एकत्र जोडायचे नाहीत. चार सेल वापरणाऱ्यांनी यूबीईसी पहिल्यापासूनच लावावा. ईएससीवर 'ऑप्टो' लिहिलेलं असेल तर त्यात बीईसी नसतोच.

इशारा : दोन सेलची लिपो थेट रिसीव्हरला जोडू नका. पूर्ण चार्जला ती ८.४ व्होल्ट देते. आयए६बीची बाजारात असलेली बरीच युनिटं ६.५ व्होल्टपर्यंतची आहेत आणि एसजी९० तर ६ व्होल्टचा.

## टप्पा ५ : दिशा आणि टोकं

विमानाच्या शेपटीमागे उभे राहा, नाक तुमच्यापासून दूर. समोरून बघून दिशा तपासणं ही फार जुनी चूक आहे आणि तिने पहिल्याच उड्डाणात विमानं जमिनीत गेली आहेत.

उजवी-डावी काडी उजवीकडे : उजवा एलरॉन वर, डावा खाली. एलिव्हेटरची काडी स्वतःकडे ओढली : एलिव्हेटर वर. रडर उजवीकडे : रडर उजवीकडे. उलट असेल तर ट्रान्समीटरच्या 'रिव्हर्स'मधून बदला.

मध्यबिंदू जुळवताना आधी सर्व्होचा हॉर्न काढून दाता बदलून बसवा आणि पुशरॉडची लांबी जुळवा. उरलेला केसभर फरकच सबट्रिमला, म्हणजे ट्रान्समीटरमधून मध्यबिंदू सरकवण्याच्या सोयीला, द्या. सगळं सबट्रिमवर टाकलं तर एका बाजूची हालचाल कमी पडते. मग 'एंड पॉइंट्स'मध्ये टोकं इतकी ठेवा की काडी पूर्ण दाबल्यावर सर्व्हो गुणगुणत राहणार नाही. गुणगुणणारा सर्व्हो म्हणजे सतत वीज खाणारा सर्व्हो, आणि त्याचा परिणाम आपण टप्पा ४ मध्ये पाहिला.

स्पेक्ट्रम जातीच्या रिसीव्हरवर पहिला चॅनल थ्रॉटलचा असतो. तिथे फ्लायस्कायच्या सवयीने एलरॉनची वायर खुपसली तर काय होईल ते प्रोपेलर नसतानाच कळलेलं बरं.

## टप्पा ६ : फेलसेफ

सिग्नल गेल्यावर रिसीव्हरने काय करायचं ते त्याला आधीच सांगून ठेवणं म्हणजे फेलसेफ. न सांगितल्यास काही रिसीव्हर शेवटची आज्ञा धरून बसतात. शेवटची आज्ञा पूर्ण थ्रॉटलची असेल तर विमान पूर्ण थ्रॉटलने जात राहतं. किनाऱ्यावर ते जातं समुद्राकडे किंवा वाडीकडे, आणि वाडीकडे गेलेलं किलोभर वजनाचं विमान कुणाच्या तरी अंगणात पडतं. म्हणून हा टप्पा माझ्या दृष्टीने ऐच्छिक नाही.

एफएस-आय६ वर : मेनू, सिस्टिम सेटअप, आरएक्स सेटअप, फेलसेफ. चॅनल ३ निवडा, चालू करा, थ्रॉटलची काडी तळाला धरा आणि कॅन्सल बटण लांब दाबून जतन करा. इथे भले भले फसतात. कॅन्सल नुसतं टिचकीसारखं दाबलं तर काहीही जतन न होता मेनूतून बाहेर पडायला होतं. परत आत जाऊन बघा, चॅनल ३ समोर उणे १०० च्या आसपासचा आकडा दिसला पाहिजे.

बाकीच्या चॅनलसाठी एलरॉन आणि एलिव्हेटर मध्यावर ठेवा, रडर किंचित एका बाजूला. मोटर बंद पडलेलं ट्रेनर मग मोठी वर्तुळं घेत जवळपास उतरतं, सरळ रेषेत दूर निघून जात नाही. एक्सप्रेसएलआरएसच्या पीडब्ल्यूएम रिसीव्हरमध्ये फेलसेफ त्याच्या वायफाय पानावर, प्रत्येक आउटपुटसमोर ठरवता येतो.

खात्री करा : प्रोपेलर नाही, विमान धरलेलं आहे. थ्रॉटल पाव भाग वर, मोटर फिरते आहे. आता ट्रान्समीटर बंद करा. मोटर क्षणभरात थांबली पाहिजे. ती फिरत राहिली तर लिपो काढा आणि हा टप्पा पहिल्यापासून करा. नवीन मॉडेल मेमरी घेतली, पुन्हा बाइंड केलं किंवा थ्रॉटल रिव्हर्स केला, तर ही चाचणी परत करायची.

## टप्पा ७ : खाऱ्या हवेचा बंदोबस्त

आतापर्यंत सगळं उघड्यावर चाललं. रिसीव्हर खात्रीने चांगला निघाला, म्हणून आता तो झाकायचा. आधी लेप देऊन मग बिघाड सापडला तर दुकानदार परत घेणार नाही, म्हणून हा टप्पा इथे.

किनाऱ्यालगत हवेत मिठाचे बारीक कण असतात. ते बोर्डवर बसतात, दमट हवेत पाणी ओढून घेतात आणि पिनांच्या मध्ये वीज वाहू देणारा पापुद्रा तयार होतो. आधी पांढुरकी भुकटी, मग तांब्यावर हिरवट डाग. हर्णै, देवगड किंवा मालवणात बंदराजवळ घर असेल तर उडवणं बंद असतानाही हे चालूच राहतं.

केस हलकेच उघडा. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश करून पूर्ण वाळू द्या. पिना, बाइंडचं बटण आणि अँटेनाची दाबून बसणारी जोडणी मास्किंग टेपने झाका. मग इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा सिलिकॉन किंवा ॲक्रिलिक कन्फॉर्मल लेप ब्रशने दोन पातळ थरांत द्या आणि एक दिवस वाळवा. अँटेनाच्या टोकाकडच्या उघड्या भागाला लेप लावू नका. उंची मोजणारा बॅरोमीटर बोर्डवर असेल तर त्याचं भोक मोकळं राहू द्या.

इशारा : बाथरूमच्या फटी भरायचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ज्या तांब्याला वाचवायचं त्यालाच ते खातं.

पिनांवर लेप देता येत नाही, म्हणून प्लग लावताना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा. सर्व्होच्या प्लगांनाही.

## टप्पा ८ : अँटेना आणि बसवणी

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर. तिचा चौथा हिस्सा म्हणजे ३१ मिलिमीटर. स्वस्त रिसीव्हरच्या अँटेनाच्या टोकाला जाळीदार आवरण काढलेला जो भाग दिसतो तो बरोबर एवढाच असतो, आणि सिग्नल पकडतो तोच. मागची जाड तार फक्त सिग्नल वाहून आणते. म्हणून मागची तार सैल वळवली तर चालेल, पण टोकाचे ३१ मिलिमीटर सरळ हवेत, दुमडलेले नकोत आणि कापलेले तर मुळीच नकोत.

दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात ठेवा : एक फ्यूजलाजच्या लांबीत, दुसरी उभी किंवा पंखाच्या दिशेने. विमान वळताना एकीचं टोक तुमच्याकडे झालं तरी दुसरी आडवी राहते. दोन्ही शेजारी-शेजारी समांतर चिकटवल्या तर दुसरी असून नसल्यासारखी.

टोकं सरळ राहावीत म्हणून बॉलपेनच्या रिकाम्या, धुतलेल्या रिफिलचे तुकडे फोमला चिकटवा आणि अँटेना त्यात सरकवा. रिसीव्हर बदलताना ती ओढून काढता येते.

अँटेनाजवळ काय नको : लिपो, ईएससी, मोटरच्या तीन तारा, कार्बनचा रॉड. कार्बन वीज वाहतो आणि सिग्नल अडवतो. पंख मजबूत करायला कार्बनची नळी वापरली असेल तर अँटेना तिच्यापासून चार बोटं दूर ठेवा. सजावटीची चंदेरी टेपही जपून वापरा. ॲल्युमिनियमची असेल तर फ्यूजलाजभोवती गुंडाळून तुम्ही रिसीव्हरला डब्यात बंद केलेलं असतं.

रिसीव्हर दुहेरी फोम टेपवर बसवा आणि वरून वेल्क्रोचा पट्टा घ्या. पिना खाली किंवा आडव्या ठेवा, म्हणजे हॅचमधून आलेलं दव त्यांच्यावर साचणार नाही. कातळावरची जांभ्याची लाल धूळ आत जाऊ नये म्हणून पोटाखालची भोकं टेपने बुजवा, मात्र ईएससीसाठी हवा आत यायला आणि बाहेर जायला वाट ठेवा.

## टप्पा ९ : रेंज चाचणी

जागा मोकळी निवडा. विमान जमिनीवर ठेवू नका, जमीन सिग्नल खाते. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, कंबरेच्या उंचीला ठेवा. सोबती हवाच. त्याचा फोन खिशात नको, आणि हॉटस्पॉट तर बंदच हवा.

ट्रान्समीटरमध्ये रेंज चाचणीचा कमी शक्तीचा मोड असेल तर तो लावून ३० मीटरपर्यंत चाला. एक्सप्रेसएलआरएसवर शक्ती सगळ्यात कमी करा आणि लिंक क्वालिटीचा आकडा पाहत चाला. असा मोड नसेल तर पूर्ण शक्तीवर दीडशे ते दोनशे मीटर जा. चालताना काड्या सावकाश हलवत राहा. सोबत्याने विमान नाकाकडून, शेपटीकडून, कुशीवर, पोट तुमच्याकडे करून फिरवावं. सर्व्हो अडखळला की ओरडून सांगावं. प्रोपेलर आत्ता लावा, आणि सोबत्याने विमान मागून पक्कं धरून अर्ध्या थ्रॉटलवर पुन्हा तीच चाल करा. मोटर बंद असताना रेंज छान आणि चालू केल्यावर निम्मी, असं झालं तर अँटेना ईएससीच्या फार जवळ आहे.

अंतर नोंदवहीत लिहा : जागा, अंतर, मोटर चालू की बंद. पुढच्या वेळी त्याच जागी तेच अंतर मिळायला हवं. रिसीव्हर हळूहळू गंजत असेल तर त्याची पहिली खूण इथे दिसते, आकाशात जाण्याआधी.

हातात ट्रान्समीटर कसा धरता तेही महत्त्वाचं आहे. त्याच्या अँटेनाभोवती सिग्नल मेदूवड्यासारखा पसरतो, आणि अँटेना असते वड्याच्या भोकातून गेलेल्या काडीसारखी. टोकाच्या दिशेला जवळजवळ काहीच जात नाही. अँटेना विमानावर रोखून उभे राहिलात तर सगळ्यात कमजोर बाजू त्याला दिलीत. अँटेना वाकवून आडवी किंवा उभी ठेवा. विमानाकडे पाठ करू नका, शरीरातलं पाणी हा सिग्नल चांगलाच अडवतं.

## टप्पा १० : पहिलं उड्डाण कुठे आणि कधी

किनाऱ्यावर सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि दिवस चढला की खारे वारे उलटे फिरतात. सकाळ शांत असते म्हणून सगळे पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर, सकाळीच जातात. पण त्या वेळी मोटर बंद पडलेलं विमान तरंगत जाणार ते पाण्याकडे. म्हणून नव्या रिसीव्हरचं पहिलं उड्डाण पुळणीवर करू नका. कापणी झालेला मळा किंवा कातळाचा सडा घ्या, आणि सकाळच घ्या.

सड्याची एक अडचण आहे. तो सपाट असतो, नजर लांब जाते, पण कड आली की एकदम खाली दरी. विमान कडेपलीकडे खाली गेलं की मधला कातळ सिग्नल पूर्ण अडवतो. कडेपासून आत उभे राहून विमान कडेच्या अलीकडेच फिरवा. मळ्यात उडवताना हीच अडचण माडांची. ओल्या झावळ्यांमागे किंवा पत्र्याच्या छपरामागे गेलेलं विमान दिसत नाही, आणि दिसत नाही तिथे सिग्नलही धड पोहोचत नाही.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे छंदाची विमानं नजरेच्या टप्प्यातच उडवायची असतात. जायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागेचा रंग बघा. रत्नागिरी आणि चिपीच्या विमानतळांभोवतीचा, तसंच नौदल आणि तटरक्षक दलाच्या ठिकाणांभोवतीचा भाग टाळा. हिरव्या पट्ट्यातही उंचीची मर्यादा १२० मीटर आहे, आणि विमानतळाच्या आसपास ती आणखी कमी होते.

पहिल्या उड्डाणात जवळच वर्तुळं घ्या, पाच मिनिटांत उतरा. उतरल्याबरोबर ईएससीला बोट लावून बघा. चटका बसत असेल तर परत टप्पा ४.

## खाऱ्या पाण्यात पडलं तर

लिपो ताबडतोब काढा आणि उघड्यावर, वाळूवर, माणसांपासून दूर ठेवा. ती परत वापरू नका. रिसीव्हर आणि सर्व्हो लगेच गोड्या पाण्यात खळखळून धुवा. ओलं आणखी ओलं करायला मन धजत नाही, पण मीठ काढणं हे पहिलं काम आहे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, केस उघडून सावलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने मीठ जात नाही. चालू झाला तरी तो रिसीव्हर पुन्हा विमानात बसवू नका. टेबलावर सर्व्हो तपासायला तो चांगला.

## पावसाळ्याची साठवण

मिरगाच्या आधी रिसीव्हर विमानातून काढा, प्लग सुटे करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून परत निळे करता येतात. लिपो प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, ट्रान्समीटरमधले सेल बाहेर काढा. ते आत फुटले तर स्प्रिंगा खाऊन टाकतात.

गणपतीला मुंबईहून आलेली मंडळी डबा उघडून थेट मळ्याची वाट धरतात. त्याआधी तीन गोष्टी करा : पिनांवर हिरवट डाग आहेत का ते बघून ब्रशने पुसा, टप्पा ४ ची व्होल्टेज चाचणी घ्या आणि टप्पा ६ ची फेलसेफ चाचणी घ्या. रेंज चाचणीत नोंदवहीतल्या आकड्यापेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त घट दिसली तर रिसीव्हर बदला. दुसरा मागवून ठेवला होता तो याचसाठी.